दुसऱ्या पिस्तुलाचा हिशोब

२०२४ च्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या कुरकुंभच्या फिरंगाई देवीला त्या नऊ दिवसांत पंचक्रोशीतून बायका येतात. ओटी भरून मी देवळाबाहेर आले आणि चपला शोधत होते, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी दंडाला धरून बाजूला घेतलं. "तू पेपरात लिहितेस ना, मग मला एक सांग. आमच्या पोरीनं दोन पिस्तुलं जवळ ठेवली तर चालतं का?"

मी बघतच राहिले. काकूंची मुलगी पोलिस उपनिरीक्षक आहे, दुसऱ्या जिल्ह्यात नेमणुकीला. गाव तिला कौतुकानं फौजदारीणबाई म्हणतं. काकूंना मात्र त्या कौतुकाबरोबर एक कायमची धडधडही मिळाली आहे. टीव्हीवर पोलिसांची कुठलीही बातमी लागली की हातातलं काम टाकून त्या समोर येऊन बसतात. आणि तेव्हा दहा-बारा दिवस एकच बातमी फिरत होती. बदलापूरच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला होता.

"त्यानं साहेबाचं पिस्तूल हिसकावलं म्हणं. माझी पोर तर केवढीशी! तिचं हिसकावलं तर? एक गेलं तर दुसरं नको का हाताशी?"

काकूंच्या भाच्यानं त्यांना मोबाइलवर अमेरिकेतल्या पोलिसांची फिल्म दाखवली होती. कमरेला एक पिस्तूल, आणि पँटच्या आत घोट्याला पट्ट्यानं बांधलेलं दुसरं, छोटं. काकूंना ते फारच पटलं होतं. "आपण नाही का बाजारला जाताना थोडे पैसे पाकिटात ठेवतो अन् थोडे पदराच्या गाठीला बांधतो? तसंच."

मला हसू आलं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या आईची लेक रात्री-अपरात्री नाकाबंदीला उभी असते, तिला तो पडणारच. म्हणून मी काकूंना म्हटलं, मला जरा वाचू द्या, चार जणांशी बोलू द्या, मग सांगते. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. आज जमेल तसा मांडते.

आधी आमच्या गावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हातात शस्त्र असलेला माणूस आम्हाला नवा नाही. दौंड इथून जवळच. तिथं राज्य राखीव पोलिस दलाचे दोन गट आहेत, पाच नंबरचा आणि सात नंबरचा. एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई सहज सांगते, "आमचे हे ग्रुपमध्ये आहेत." कुरकुंभ पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. एका अंगाला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं. ज्या रस्त्यानं आमच्याकडच्या बायका कामावर जातात, त्या रस्त्याच्या कडेला हे चाललेलं! अशा दारावर जो पोलिस जाऊन थाप मारतो, त्याला आत कोण आहे, काय आहे, ठाऊक नसतं. त्याच्या पोटात गोळा येत असेल, तर त्याला भित्रा कोण म्हणेल? तेव्हा काकूंची भीती खोटी नाही, हे पहिल्यांदाच मान्य करते.

आता हे दुसरं पिस्तूल म्हणजे नेमकं काय, ते बघू. अमेरिकेत अनेक पोलिस ड्यूटीवर मुख्य पिस्तुलाखेरीज एक लहान पिस्तूल लपवून बाळगतात. कारणं साधी आहेत. मुख्य पिस्तूल ऐनवेळी अडकलं तर, गोळ्या संपल्या तर, उजव्या हाताला जखम झाली आणि उजवीकडचं पिस्तूल डाव्या हातानं काढता येईना तर, किंवा समोरच्यानं ते हिसकावलं तर.

या विचाराला तिथं इतिहासही आहे. मार्च १९६३ मध्ये लॉस एंजेलिस शहरात दोन गुन्हेगारांनी एका पोलिसावर पिस्तूल रोखलं आणि त्याच्या जोडीदाराला शस्त्र टाकायला लावलं. दोघांनाही गाडीत घालून दूर कांद्याच्या शेतात नेलं. एकाला तिथंच ठार मारलं, दुसरा अंधारात पळत सुटला म्हणून वाचला. आमच्या दौंड-शिरूरकडच्या बाईला कांद्याचं शेत काय आणि त्यात रात्रीचं पळणं काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या घटनेनंतर तिथल्या पोलिस दलानं दंडक घातला, की काही झालं तरी आपलं शस्त्र दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही.

पण ही रीत ज्या देशातली, तिथं रस्त्यावरच्या कुणाच्याही खिशात पिस्तूल असू शकतं. दुसरीकडे ब्रिटनमध्ये बहुतेक पोलिस आजही पिस्तुलाशिवाय गस्त घालतात. म्हणजे पोलिसाजवळ किती शस्त्रं असावीत, हे त्याच्या समोर कसला समाज आहे, यावरून ठरतं. आपला समाज यात कुठं बसतो?

आपल्याकडे साध्या पोलिस शिपायाच्या हातात बहुधा काठीच असते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर मिळतं ते फौजदार आणि त्याच्या वरच्यांना. पहाऱ्यावरच्या शिपायाला रायफल. तेव्हा इथं दुसऱ्या पिस्तुलाची चर्चा करायची, तर बहुतेकांजवळ पहिलंच नसतं, इथून सुरुवात करावी लागते.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीला नाकाबंदीवर होते. हातात काठी. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. पुढे त्यांना अशोकचक्र मिळालं. आपण सगळ्यांनी त्यांच्या शौर्यापुढे डोकं टेकवलं, आणि ते योग्यच झालं. पण त्यांच्या हातात काठीच का होती, हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं.

त्याच रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एका गाडीत होते. त्यांच्याजवळ शस्त्रं होती. कामटेंच्या हातात तर एके-४७ होती आणि तिच्या गोळीनं कसाब जखमीही झाला. तरी तिघंही गेले. मागच्या बाजूला बसलेले शिपाई अरुण जाधव जखमी होऊन गाडीतच पडून राहिले. त्यांच्या हाताला गोळ्या लागल्या होत्या, रायफल चालवता येत नव्हती. दुसरं, लहान शस्त्र हाताशी असतं तर, हा विचार इथं मनात येतोच. दुसऱ्या पिस्तुलाच्या बाजूनं बोलायचं असेल तर मला हेच सगळ्यांत बिनतोड उदाहरण वाटतं, आणि ते मी झाकून ठेवणार नाही. पण अतिरेकी गाडी सोडून गेल्यावर जाधवांनी केलं काय? त्यांनी वायरलेसवरून कंट्रोल रूमला कळवलं. म्हणजे माणसं बोलावली.

या तिघांतल्या दोघांच्या घरच्या बायकांनी नंतर काय विचारलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कविता करकरे यांनी माहिती अधिकारात नवऱ्याच्या बुलेटप्रूफ जाकिटाचा हिशोब मागितला. विनिता कामटे यांनी माहिती अधिकारातच त्या रात्रीच्या कंट्रोल रूमच्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या आणि २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा प्रश्न होता, गल्लीत आपली माणसं जखमी होऊन पडलेली असताना मदत का पोहोचली नाही? एकीनं जाकीट विचारलं, दुसरीनं मदत विचारली. दोघींनीही आणखी एका बंदुकीचा विषय काढला नाही. कविताताई २०१४ मध्ये गेल्या. त्यांचा प्रश्न अजून जिथल्या तिथं आहे, असं मला वाटतं.

आता बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि सारा महाराष्ट्र पेटून उठला. २३ सप्टेंबरला त्यातल्या आरोपीला तळोजा तुरुंगातून पोलिसांच्या गाडीनं नेत होते. मुंब्रा बायपासजवळ गाडीतच गोळीबार झाला. पोलिसांचं म्हणणं असं, की आरोपीनं सहायक निरीक्षकाचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीत शिरली, मग दुसऱ्या अधिकाऱ्यानं बचावासाठी गोळी चालवली. आरोपी जागीच संपला.

खोटं कशाला सांगू, बातमी ऐकल्यावर क्षणभर मलाही बरं वाटलं होतं. ज्यांच्या घरात मुली आहेत अशा कितीतरी जणींना वाटलं असेल. पण दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयानं जे प्रश्न विचारले, ते कुठल्याही घरातल्या बाईनं विचारले असते असेच होते. गाडीतल्या चार पोलिसांना मिळून एक माणूस आवरता आला नाही? गोळी पायावर, हातावर न मारता थेट डोक्यात कशी? पिस्तूल असं सहज हाती लागेल अशा बेतानं कसं होतं? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल न्यायालयात आला. त्यात पाच पोलिसांवर ठपका होता आणि वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं, असा निष्कर्ष होता. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं विशेष पथकाकरवी तपासाचा आदेश दिला. आणि ज्या खटल्याची सगळ्या आया वाट बघत होत्या, त्यातला मुख्य आरोपीच उरला नाही. त्या मुलींचं म्हणणं भर न्यायालयात खरं ठरलं असतं, ते राहूनच गेलं.

काकूंच्या प्रश्नासाठी मात्र यातली वेगळीच गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पोलिसांचं म्हणणं शब्दशः खरं धरलं, तरी हिसकावलेल्या पिस्तुलाला उत्तर म्हणून गाडीत दुसरं पिस्तूल होतंच. ते त्या जखमी अधिकाऱ्याच्या घोट्याला नव्हतं, त्याच्या जोडीदाराच्या कमरेला होतं. आपल्याकडच्या पोलिसाचं दुसरं पिस्तूल म्हणजे त्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा पोलिस. वायरलेसवर 'बॅकअप पाठवा' म्हणतात तेव्हा माणसंच मागत असतात ना?

आणखी एक तारीख सांगते. २३ सप्टेंबर २०१४ ला, म्हणजे त्या घटनेच्या बरोबर दहा वर्षं आधी, सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच चकमकींच्या प्रकरणात नियम घालून दिले. चकमकीत कुणी मेलं तर गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची आणि संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. शस्त्र जमा का करायचं? तर गोळी कुठल्या नळीतून सुटली, हे प्रयोगशाळेत कळतं म्हणून. आता विचार करा, पोलिसाजवळ नोंदीतलं एक आणि नोंदीबाहेरचं एक पिस्तूल असेल, तर या हिशोबाचं काय होईल? मुंबईत २००६ मध्ये झालेल्या एका बनावट चकमकीसाठी मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं एका गाजलेल्या माजी पोलिस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. अशा निकालांनंतर मेलेल्या माणसाजवळ सापडलेलं शस्त्र नेमकं कुणाचं, ही शंका लोक घेणारच. ज्या पोलिसाजवळ मोजून एकच, नंबर नोंदवलेलं शस्त्र आहे, त्याला या शंकेपासून संरक्षण आहे. काकूंच्या सरळ मार्गी मुलीला हे संरक्षण मी जास्त मोलाचं समजते.

आणि नुसतं शस्त्र जवळ असलं म्हणजे भागतं का? त्याच नवरात्राच्या शेवटी, १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या रात्री वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्यासोबत पोलिस अंगरक्षक होता. दसऱ्याला पोलिसांकडे शस्त्रपूजन असतं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं वाहतात. त्याच दिवशी रात्री हे घडलं. हल्ला क्षणभरात होतो. त्या क्षणी कमरेला एक आहे की दोन, यापेक्षा माणूस सावध आहे का, त्याला सराव आहे का, तो किती तास उभा आहे, यावर सगळं ठरतं.

आता मी ज्या गोष्टीकडे येणार आहे, ती काकूंना सांगताना माझी जीभ जड झाली होती. ड्यूटी संपल्यावर शस्त्र जातं कुठं? बंदोबस्ताची रायफल शस्त्रागारात जमा होते, सही होते. अधिकाऱ्याचं पिस्तूल मात्र बरेचदा त्याच्यासोबत घरी येतं. आणि स्वतःच्या परवान्यावर घेतलेलं पिस्तूल तर घरचंच असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं बाळगता येतात, आधी तीन होती. म्हणजे ज्याला आपण ड्यूटीवरचं दुसरं पिस्तूल म्हणतो, ते दिवसातले निम्मे तास कपाटात, उशीखाली नाही तर फ्रिजवर असणार. पोरांच्या आणि बायकोच्या शेजारी.

जुलै २०२३ चा शेवटचा आठवडा आठवतो? २४ तारखेला पुण्यात बाणेरच्या घरी एका सहायक पोलिस आयुक्तानं पत्नीला आणि पुतण्याला गोळ्या घातल्या आणि स्वतःवरही झाडून घेतली. ३१ तारखेला पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानानं आपल्याच वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना ठार मारलं. आणि आमच्या दौंडला तर हे आधीच घडून गेलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये भर शहरात राखीव दलातल्या एका माणसानं पैशाच्या वादातून तिघांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी दौंडची दुकानं धडाधड बंद झाली आणि कुरकुंभपर्यंत फोन सुरू झाले, "तुमचे कुठं आहेत? घरी आलेत का?" ज्यांच्या घरात कुणीच पोलिसात नाही त्यांनीही फोन केले.

या तिन्ही वेळी कुणी अतिरेकी नव्हता, कुणी गुंड नव्हता. या घटना मी पोलिसांना नावं ठेवायला सांगत नाही. लाखो पोलिस शस्त्र जबाबदारीनंच वापरतात. पण थकलेला, चिडलेला, कर्जात किंवा भांडणात अडकलेला माणूस आणि हाताशी भरलेलं पिस्तूल, हे दोन एकत्र आले की मध्ये विचार करायला वेळच राहत नाही. गुंडाशी गाठ वर्षातून एखाद वेळी पडेल. घरातल्या माणसांशी ती रोज पडते. म्हणून दुसऱ्या पिस्तुलाचा हिशोब मांडताना त्याचा धोका घराच्या खात्यावरही लिहायला हवा, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

हे सगळं वाचून-ऐकून झाल्यावर मी थेट काकूंच्या मुलीलाच फोन लावला. म्हटलं, तुझ्या आईला तुला दोन पिस्तुलं द्यायची आहेत. ती खळखळून हसली. "ताई, एकच भरल्यावर किलोभराचं होतं. दिवसभर पट्ट्याला लावून बघा, कंबर बोलायला लागते. आणि बंदोबस्ताला बाथरूमला जायचं तर ते ठेवायचं कुठं, हाच आमचा मोठा प्रश्न. खुंटी नाही, कडी नाही, कधी दारच नाही. पुरुषांना हे सुचतच नाही. बरोबर दुसरी पोलिसबाई असली तर तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगता येतं. नाही तर जायचंच नाही. पाणीच पीत नाही मी मग."

मी विचारलं, भीती वाटत नाही? ती जरा थांबली. "वाटते की. रात्रीच्या नाकाबंदीला एखादी गाडी लाइट बंद करून थांबते, तेव्हा वाटते. पण तेव्हा मला दुसरं पिस्तूल आठवत नाही. माझ्या पाठीमागे कोण उभं आहे ते आठवतं. चांगला हवालदार असला ना, की निम्मी भीती जाते. आणि खरं सांगू का, कमरेचं आहे त्याचा सराव भरपूर मिळाला पाहिजे. वर्षातून एखाद्या वेळी चार गोळ्या मारून हात बसत नाही. मग दुसरं घेऊन करू काय?"

तिच्याशी बोलल्यावर मला सगळं लख्ख दिसलं. ज्या वेगळ्या तुकड्या अतिरेक्यांशी लढायला तयार केल्या आहेत, उदाहरणार्थ २६/११ नंतर २००९ मध्ये उभी राहिलेली फोर्स वन, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे रायफलीला जोड म्हणून पिस्तूल असणं समजण्यासारखं आहे, कारण त्यांचं प्रशिक्षणच तसं असतं. पण ठाण्यातल्या, नाक्यावरच्या, आरोपीला गाडीतून नेणाऱ्या पोलिसाला आधी बाकीचं द्यायला हवं.

एक म्हणजे असं होल्स्टर, ज्यातून पिस्तूल फक्त ज्याचं त्यालाच काढता येईल. अशी कुलपाची होल्स्टर जगात कधीची वापरात आहेत. पिस्तूल पट्ट्याला दोरीनं बांधून ठेवायची पद्धत तर इंग्रजांच्या काळापासूनची. हिसकावण्यावरचं उत्तर इतकं स्वस्त आहे. खर्च चामड्याचा आणि शिस्तीचा.

दुसरं म्हणजे सराव. आमच्या पुण्यातच, खडकीला, १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. गोळ्या बनतात आपल्या दाराशी. मग त्या सरावाला पुरेशा मिळाव्यात, ही मागणी काही जगावेगळी नाही.

तिसरं, जोडीदार. रात्री महामार्गावर एकट्या पोलिसाला उभं करायचं नाही, आणि बाई असेल तर तिच्याबरोबर दुसरी बाई हवीच. याला माणसं लागतात, भरती लागते, आणि भरती पिस्तुलापेक्षा महाग असते. म्हणून ती मागे पडते.

चौथं, विश्रांती. २०२१ मध्ये नागपूर, अमरावती आणि आमच्या पुणे ग्रामीणमध्ये महिला पोलिसांना बाराऐवजी आठ तासांची ड्यूटी प्रयोग म्हणून सुरू झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये राज्यभरासाठी तसा आदेश निघाला. चांगलं पाऊल होतं. पण सणावाराचा बंदोबस्त लागला की आठाचे किती होतात, ते पोलिसांच्या घरातल्या ताटावर झाकून ठेवलेल्या भाकरीला विचारा. आणि पुरुष पोलिसांनाही झोप लागतेच की! शस्त्र बाळगणाऱ्या माणसाची झोप हा त्याचा खासगी मामला नसतो.

पाचवं, शस्त्र घरी येणार असेल तर घरात कुलपाची पेटी हवी, गोळ्या वेगळ्या हव्यात, आणि घरातल्या बाईला ते माहीत असायला हवं. नवऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही, तो रात्र-रात्र जागतोय, पिस्तूल काढून बघतोय, असं बायकोला दिसलं, तर तिनं कुणाला सांगायचं? साहेबांना सांगितलं तर नवऱ्याच्या नोकरीवर येईल, न सांगावं तर जिवावर. तिच्यासाठी एखादी जागा, एखादा फोन नंबर, जिथं सांगितलेलं बाहेर फुटणार नाही आणि शस्त्र मात्र काही दिवस गुपचूप जमा होईल, अशी सोय प्रत्येक पोलिस वसाहतीत हवी. मला विचाराल तर या पाचांतली पहिली मागणी हीच.

काकूंना हे सगळं मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. मधे काही बोलल्या नाहीत. बाणेरच्या बातमीला हात थांबला, एवढंच. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे पोरीला पिस्तूल नको, जोडीदारीण पाहिजे."

"हो."

"अन् ते कोण देणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिस्तूल बाजारात मिळतं, परवाना काढता येतो, काकू पै-पै जमवून लेकीला ते घेऊनही देतील. जोडीदारीण सरकारनंच द्यायची असते. ती मागायची तर एकटीनं भागत नाही. पोलिसांना संघटना करून भांडता येत नाही, त्यांच्या घरच्यांना मात्र बोलता येतं. दौंडच्या ग्रुपातल्या, पुण्या-मुंबईच्या पोलिस लाइनींतल्या बायकांनी एकदा एकत्र बसून हा हिशोब मांडला, तर तो टाळणं कुणालाही जड जाईल. कविताताई आणि विनिताताईंनी तर तो एकेकटीनं मांडला होता.

तोवर ज्यांच्या घरात असं शस्त्र येतं, त्या मैत्रिणींना एकच विनंती. आज रात्री जेवणं झाल्यावर साधेपणानं विचारा, "ते ठेवलंय कुठं? गोळ्या काढल्यात ना?" भांडण म्हणून विचारू नका, गॅस बंद केलास का, असं विचारतो तसं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.